ब्रेंडन नावाचे मराठीचे सर

रुमाव सरांना फोन करून कोणी “सहज केला होता” म्हटलं, की ते म्हणायचे, “सहज कोणी फोन करत नाही. काम सांगा.”

मलाही पहिल्या फोनवर हेच ऐकावं लागलं. तेव्हा मी अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावातल्या आमच्या मराठी शाळेची नवी समन्वयक झाले होते. समन्वयक म्हणजे खोलीची किल्ली सांभाळायची, पालकांच्या ईमेलना उत्तरं द्यायची आणि एखादे शिक्षक आजारी पडले की दुसरं कोणी शोधायचं. शाळा दर रविवारी दहा ते बारा, कम्युनिटी सेंटरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत भरायची. शिकवणारे सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून आलेले. माझ्या हातात पडलेल्या यादीत तिसरीच्या वर्गासमोर नाव होतं ब्रेंडन रुमाव. मला वाटलं, एखाद्या मराठी बाईचा अमेरिकन नवरा असेल, हौसेने भाषा शिकला असेल. म्हणून मी इंग्रजीत सुरुवात केली.

“मराठीत बोला,” पलीकडून आवाज आला. “शाळा मराठीची आहे ना?”

मी गडबडले. काहीतरी गोड बोलायचं म्हणून म्हणाले, “तुमचं मराठी किती छान आहे हो.”

“तुमचंही बरं आहे,” ते म्हणाले.

हे उत्तर त्यांनी आयुष्यात किती जणांना दिलं असेल कोण जाणे. सर वसईचे. वसईच्या पट्ट्यातल्या एका गावात पानवेली आणि केळीच्या बागा असलेल्या घरात वाढलेले, शेकडो वर्षं मराठीच बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबातले. घरात त्यांची बोली, शाळेत पुस्तकातलं मराठी, आणि चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, तीसुद्धा मराठीत. पण ब्रेंडन हे नाव ऐकलं की आमच्या लोकांचे प्रश्न ठरलेले असत. शाळा चालवणाऱ्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी स्वतः ऐकलंय.

“मूळचे कुठले तुम्ही?”

“वसईचे.”

“नाही, म्हणजे त्याच्या आधी?”

“त्याच्या आधीही वसईचे.”

“मग गोव्याचे कोणी असतील ना वरती, आधीच्या पिढ्यांत?”

“वरती कोणी नाही. वरती आंबा आहे, परसात.”

विचारणारा हसून निघून जायचा आणि सर त्याच्या पाठीकडे बघत राहायचे. हा माणूस पुढे कोणाकडे जातो, तिथे काय बोलतो, हे त्यांना बघायचं असायचं.

अंगाने बारीक, सावळे, सहासष्ट वर्षांचे असतील. अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि सहा इंची स्टीलची पट्टी. यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी नोकरी केली होती. तिथे बाकीचे लोक उपकरणांनी ते भाग मोजायचे आणि सर ती उपकरणं तपासायचे. मोजणारंच चुकीचं असेल तर पुढचं सगळं चुकीचं, हा त्यांचा धंद्यातला धडा. निवृत्तीनंतर त्यांनी तो सगळ्या जगाला लावला. वर्गात आले की आधी भिंतीवरचं घड्याळ स्वतःच्या घड्याळाशी ताडून बघायचे. फळ्यावरचा मार्कर आधी कोपऱ्यात घासून बघायचे. कोणी घरचे लाडू म्हणून डबा आणला तर विचारायचे, “घरचे म्हणजे कोणाच्या घरचे?” गाडी लावली की चारही दारं ओढून बघायचे आणि मग आजूबाजूच्या गाड्यांकडे बघायचे. त्यांची बायको जसिंता याच्या अगदी उलट. येणाऱ्याजाणाऱ्याला जेवायला बसवणारी. ती एकदा मला म्हणाली, “यांना देवावरपण संशय आहे. फक्त तोंडावर बोलत नाहीत.”

आता मी स्वतःबद्दल खरं सांगते. माझी मुलगी ईरा त्याच वर्षी सरांच्या वर्गात गेली, आणि पहिले तीन रविवार मी तिची वही घरी नीट तपासली. काय शोधत होते ते स्वतःलाही मोठ्याने सांगितलं नसतं. वहीत लाल पेनाने दुरुस्त केलेल्या वेलांट्या होत्या, अनुस्वार होते, आणि एका ठिकाणी लिहिलं होतं, ‘ओळीवर लिही, हवेत नको.’ चौथ्या रविवारी मी वही बघणं सोडून दिलं.

सरांना मात्र माझा पुरता संशय आला, आणि तो योग्य होता. त्यांनी मुलांना ‘माझी आजी’ हा निबंध घरून लिहून आणायला सांगितला होता. सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसमधून निघत होते तेव्हा त्यांचा फोन आला.

“ईराच्या आजींची तब्येत कशी आहे?”

“बरी आहे. का हो सर?”

“खात्री आहे? कधी बोलणं झालं?”

“कालच. काय झालं?”

“निबंधात लिहिलंय, माझी आजी खूप थंड आहे. सगळ्या आज्यांमध्ये ती सर्वात थंड आहे.”

मी पार्किंगमध्ये उभी राहून हसले; ईराच्या ‘कूल’चं ‘थंड’ झालं होतं आणि मी घाईत ते न बघताच उतरवलं होतं. ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, “फोनला इंग्रजी वाक्य दिलं, त्याने मराठी करून दिलं, आणि हस्ताक्षर तुमचं. ईराचा ‘ज’ असा वळत नाही. पुढच्या वेळी तिलाच लिहू द्या. चार ओळी आल्या तरी चालतील.”

तेव्हापासून माझ्या घरी सरांचा दबदबा होता. ईरा इंग्रजीतच बोलायची, पण रविवारी सकाळी पेन्सिलला टोक काढताना “रुमाव सर विल नो” असं पुटपुटायची.

वर्गात तेरा मुलं होती. त्यात नील नावाचा एक मुलगा होता, अमोलचा. अमोल नागपूरचा, इथे एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये. शाळेसाठी खुर्च्या उचलण्यापासून प्रोजेक्टर आणण्यापर्यंत सगळ्यात पुढे असायचा. नील दहा वर्षांचा, वाचायला अडखळणारा, पण हात वर करण्यात पहिला. सर दर रविवारी चार मुलांकडून धडा मोठ्याने वाचून घ्यायचे आणि हजेरीवहीच्या मागच्या पानांवर त्यांच्या नावापुढे खूण करायचे. आपली पाळी कधी याची नीलला फार घाई असायची. सर त्याला म्हणायचे, “वाचता येत नाही म्हणून वाचतोस, की ऐकायला लोक आहेत म्हणून?” नील म्हणायचा, “बोथ.”

मार्चमध्ये सरांनी नावांचा धडा घेतला. प्रत्येकाने आपल्या नावाचा अर्थ घरून विचारून यायचा आणि वर्गात मराठीत सांगायचा. ईराने सांगितलं. अर्जुन नावाच्या मुलाने सांगितलं. नील उभा राहून म्हणाला, “माझं नाव नील. अर्थ निळा. आईबाबांनी ठेवलं कारण ते इंडियात पण चालतं आणि इथे पण चालतं.”

“बरोबर,” सर म्हणाले. “आणि इथे का चालतं, माहीत आहे? कारण आयर्लंडमध्ये याच उच्चाराचं एक वेगळं, जुनं नाव आहे. त्याचा अर्थ काही लोक म्हणतात योद्धा, काही म्हणतात ढग. त्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. तुझा अर्थ निळा. तो पक्का आहे.”

मग कोणीतरी विचारलं, “सर, तुमच्या नावाचा अर्थ काय?”

हे सगळं मला ईराने गाडीत सांगितलं, आणि नंतर सरांनीही सांगितलं. त्यांच्या गावात पुरुषांची नावं इनास, पास्कू, अंतोन अशी. आजीला नातवाचं नाव अंतोन ठेवायचं होतं. पण तो मे महिन्यात जन्मला, तो दिवस ब्रेंडन नावाच्या आयरिश संताचा निघाला, आणि गावच्या फादरांनी बाप्तिस्म्याच्या नोंदीत तेच लिहून टाकलं. आजीला ते म्हणता येईना. ती मरेपर्यंत त्यांना बेंडू म्हणत होती. अमेरिकेत आल्यावर कारखान्यातला एक आयरिश वंशाचा माणूस त्यांना म्हणाला, तुझ्या नावाचा अर्थ राजा. सरांना लगेच संशय आला. राजा असा अर्थ कोणीही कोणालाही सांगतं. म्हणून ते लायब्ररीत गेले, नावांचे कोश काढून बसले. एका कोशात लिहिलं होतं, वेल्श भाषेतल्या राजा या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आलेलं नाव. दुसऱ्यात लिहिलं होतं, घाणेरड्या वासाचे केस.

“दोन्ही लिहून घ्या,” सरांनी मुलांना सांगितलं. “राजा. आणि घाणेरड्या वासाचे केस. कोणतं खरं ते ठरलेलं नाही. जे ठरलेलं नाही ते ठरलं असं लिहायचं नाही.”

वर्ग हसून लोळला. मग मुलांनी त्या संताची गोष्ट मागितली आणि सरांनी ती सांगितली. चामडं शिवून केलेली होडी, त्यात सतरा-अठरा माणसं, पश्चिमेकडे निघालेली. वाटेत एक काळं बेट लागलं. झाड नाही, गवत नाही. माणसं उतरली, प्रार्थना केली, चूल पेटवली. आणि बेट हललं. ते बेट नव्हतंच, देवमासा होता. ही गोष्ट सरांनी इतकी रंगवली की जणू होडी वसईच्या किनाऱ्यावरून सुटली होती. काही लोक तर म्हणतात, ती माणसं थेट अमेरिकेपर्यंत आली. “यावर माझा विश्वास नाही,” असंही सरांनी शेवटी सांगितलं.

त्या दुपारी ईराने घरी एक चित्र काढलं. मोठा काळा मासा, त्याच्या पाठीवर लांब झगा घातलेला दाढीवाला माणूस, चूल, आणि माणसाच्या मागे उंच उभा क्रॉस.

मी तो क्रॉस जवळ नेऊन बघितला. मी ईराला विचारलं नाही. विचारायला हवं होतं, ती शेजारच्याच खोलीत होती. मी त्या चित्राचा फोटो काढला आणि अमोलला पाठवला. त्याचा मुलगा त्याच वर्गात, म्हणून. खाली लिहिलं, ‘नीलनेही असं काही काढलंय का? सहज विचारतेय.’

अमोलचं उत्तर आलं नाही. तासाभराने ते चित्र पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतं, ईराचं नाव असलेला कोपरा कापून. खाली अमोलने लिहिलं होतं की आजच्या मराठीच्या वर्गात हे शिकवलं गेलं, आणि माझ्या मुलाने घरी येऊन मला विचारलं, आपण आयरिश आहोत का. मग एकामागून एक मेसेज सुरू झाले. कोणी म्हणालं, आम्हाला आधीपासून शंका होती. कोणी म्हणालं, रविवारच का निवडला ते आता कळलं. वास्तविक रविवार मंडळाने ठरवला होता आणि सर त्यापायी इतकी वर्षं शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला जात होते. एकाने लिहिलं, नावावरूनच कळायला हवं होतं. मी सगळं वाचत बसले आणि एक अक्षर लिहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात लायब्ररीच्या मीटिंग रूममध्ये बैठक झाली. मंडळाचे अध्यक्ष शिरीषकाका, अमोल, सर आणि मी. सर त्या ग्रुपवर नव्हते, फोनवरचे ग्रुप त्यांना चालत नसत. त्यांच्यासमोर अमोलने चित्राची काळीपांढरी प्रिंट ठेवली.

“सर, मला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही,” अमोल म्हणाला. “पण मराठीच्या क्लासमध्ये हे कशाला? आणि नीलचं नाव आम्ही विचार करून ठेवलंय. ते आयरिश आहे असं तुम्ही त्याला कशाला सांगितलं?”

“तसं सांगितलं नाही. त्याचं नाव निळा या अर्थाचं, असंच सांगितलं. तिकडेही तसंच नाव आहे, एवढं म्हणालो.”

“पण त्याची गरज काय होती?”

“नावांचा धडा होता.”

सरांनी प्रिंट उचलली, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेली. “ही डोलकाठी आहे,” ते म्हणाले. “होडीची. क्रॉस मी सांगितलाच नव्हता.”

“सर, प्लीज,” अमोल म्हणाला.

“हे कोणी काढलंय?”

अमोलने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होते. “ते महत्त्वाचं नाही,” तो म्हणाला. “मुलांना यात आणायचं नाही.” त्याने माझं नाव झाकलं, आणि मला त्याचा आधार वाटला. हे आठवलं की अजून कसंतरी होतं.

शिरीषकाकांनी मधला मार्ग काढला. सरांनी वर्ष पूर्ण करावं, पुस्तकाबाहेरचं काही सांगू नये, आणि पालकांच्या समाधानासाठी कोणीतरी वर्गात मागे बसावं. कोणीतरी म्हणजे मी.

घरी जाऊन मी ईराला चित्राबद्दल विचारलं. “हा क्रॉस कशासाठी काढलास?”

तिने माझ्याकडे दयेने बघितलं. “दॅट्स द बोट, आई. मागे बोट आहे ना. धिस इज द काठी. शीट लावतात ती.”

“शीट नाही, शीड,” मी म्हणाले.

पहिल्या रविवारी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मुलं वळूनवळून बघत होती. सर माझ्याजवळ आले.

“मला लाज वाटते सर,” मी हळूच म्हणाले.

त्यांनी हातातली कोरी वही माझ्यापुढे ठेवली. आत पट्टीने आखलेले रकाने होते. वेळ, मी काय बोललो, मुलं काय बोलली. “बसणारच आहात तर लिहून काढा,” ते म्हणाले. “तपासणी व्हायला माझी हरकत नाही. पण तपासणी कागदावर हवी. नुसतं बघून गेलेला माणूस बाहेर जाऊन काहीही सांगतो.”

मी सात रविवार लिहीत राहिले. दहा वाजून पाच मिनिटं, हजेरी. दहा पंधरा, ऱ्हस्व-दीर्घ. त्या वहीत धर्माचं काही नव्हतं, पण गोष्टीही नव्हत्या. सर पुस्तकातला धडा शिकवायचे आणि थांबायचे. एखादा शब्द त्यांना पुढे ओढून न्यायला लागला की त्यांची नजर माझ्याकडे जायची आणि ते पान उलटायचे. मुलांनी काही विचारलं की म्हणायचे, “ते पुस्तकात नाही.”

गाडीत ईराने विचारलं, “व्हाय आर यू इन अवर क्लास?”

“मदत करायला.”

“मदत विथ व्हॉट?”

तिसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की नीलला वाचायला उठवत नाहीत. तो हात वर करायचा, सरांची नजर त्याच्यावरून पुढे जायची आणि ते दुसऱ्याच मुलाचं नाव घ्यायचे. त्याला रागावले नाहीत, त्याच्या वहीतल्या चुकाही दुरुस्त केल्या, पण वाचायला बोलावलं नाही. चौथ्या रविवारी नील दोन्ही हात वर करून बसला. पाचव्याला एक. सहाव्याला त्याने हात वर केला नाही, बाकावर नखाने रेघा ओढत बसला. वर्ग सुटल्यावर तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “मावशी, डिड आय डू समथिंग?”

“नाही रे,” मी म्हणाले.

मला कारण कळलं होतं. चित्र अमोलने आणलं, म्हणजे ते नीलचं, असा सरांनी हिशेब केला होता. दोन वाक्यांत मी तो मोडू शकले असते. मी त्या दिवशी वहीत लिहिलं, बारा वाजता वर्ग सुटला.

मे अखेरीस शाळेचं वर्ष संपलं. सरांनी प्रत्येक मुलाच्या प्रगतीपत्रकावर तीन-चार ओळी लिहिल्या, खोलीतल्या खुर्च्या मोजून लावल्या आणि शिरीषकाकांना सांगितलं की पुढच्या वर्षापासून जमणार नाही. मुलगा नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला असतो, तिकडेच घर बघतोय. ग्रुपवर कोणीतरी फुलांची चित्रं टाकून आभार मानले. सर ग्रुपवर नव्हतेच.

जूनमध्ये एका शनिवारी सकाळी मी शाळेची पुस्तकं आणि हजेरीवह्या आणायला त्यांच्या घरी गेले. बैठकीत खोकी रचलेली होती, प्रत्येकावर आत काय आहे त्याची यादी चिकटवलेली. जसिंताने चहा आणि बशीत सुकेळी, म्हणजे वसईची वाळवलेली केळी, आणून ठेवली. सरांनी टेबलावर मुलांच्या वह्यांचे गठ्ठे केले होते. त्यातली एक वही वेगळी काढलेली होती.

“ही नीलची,” ते म्हणाले. “त्याच्या वडिलांकडे द्या. मी जाणार नाही.”

मी वही घेतली.

“पोराला मी दोष देत नाही,” सर म्हणाले. “मुलं चित्रं काढणारच. पण वर्षभर शिकवलं, आणि चित्रावरून घरात काय चाललंय हे दिसूनही तो वर्गात येऊन मला काही बोलला नाही. हात मात्र वर करत होता.”

चहा निवत होता. मी म्हणाले, “सर, ते चित्र नीलचं नाही. ईराचं आहे. मी त्याचा फोटो काढून अमोलला पाठवला. ईरालासुद्धा हे माहीत नाही.”

जसिंता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत निघून गेली. सर एका खोक्यावर बसले. मग त्यांनी हजेरीवही ओढली, मागची पानं उघडली आणि नीलच्या नावापुढच्या ओळीवर बोट ठेवलं. एका जागेनंतर सगळे चौकोन रिकामे होते. त्यांनी ते एकेक करून मोजले.

“सात रविवार,” ते म्हणाले.

“माझं चुकलं सर. मला दिसत होतं तरी मी बोलले नाही.”

“तुमच्यावर मला संशय आला नव्हता.” नापास झालेल्या एखाद्या उपकरणातला दोष सांगावा तसं ते म्हणाले. “सगळ्यांवर आला. अमोलवर, शिरीषरावांवर, दुसऱ्या वर्गाच्या त्या बाईंवर. एकदा जसिंतावरपण आला की हिने कुठे काही बोललं का. तुमच्यावर नाही. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, लाज वाटते. ज्याला लाज वाटते त्याला तपासायचं कारण नाही, असं मी धरून चाललो.”

सर माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, चपला घातल्या, टेबलावरून तिसरीचं पुस्तक उचललं.

“अमोलचं घर किती लांब आहे?”

“दहा मिनिटं. मी पत्ता पाठवते.”

“पत्ता नको. तुम्ही पुढे चला, मी मागून येतो.”

जसिंता म्हणाली, “अहो, आधी फोन तरी करा त्यांना.”

“फोन केला की ते तयारी करतील,” सर म्हणाले.

अमोलच्या घरासमोर मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली. सरांनी मागे लावली आणि माझ्या खिडकीशी आले. मी दार उघडायला गेले तर त्यांनी ते हाताने परत लोटलं. “तुम्ही इथेच थांबा. हे माझं आहे. तुमचं तुम्ही नंतर करा.” माझं मी नंतर केलं, आधी ईरापाशी आणि मग त्या घरी जाऊन. ते काही चांगलं झालं नाही, पण झालं.

त्या दिवशी मात्र मी गाडीतून बघत होते. दार नीलनेच उघडलं, अनवाणी, हातात अर्धा खाल्लेला टोस्ट. सर पायरीखाली उभे राहिले. त्यांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. दोन्ही हात शरीराला चिकटवून, एखाद्या अधिकाऱ्यासमोर उभं राहावं तसे ते दहा वर्षांच्या मुलासमोर उभे होते, आणि बरंच बोलले. नीलने मध्ये एकदा काही विचारलं. सरांनी मान डोलावली. मागून अमोल आला, त्याने सरांना बघितलं, रस्त्यावर माझी गाडी बघितली आणि तो दाराच्या चौकटीतच थबकला. मी काच खाली केली.

“सर, आत या ना,” अमोल म्हणाला.

“येतो. याचं वाचून झालं की.”

सर पायरीवर बसले, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. नील टोस्ट बापाच्या हातात देऊन त्यांच्या शेजारी बसला. सरांनी पुस्तक उघडून त्याच्या मांडीवर ठेवलं. नील वाचायला लागला, मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. दुसऱ्याच ओळीत एक जोडाक्षर आलं. तो अडखळला, काहीतरी अंदाजाने म्हणून पुढे सरकला.

सरांनी पानावर बोट ठेवलं.

“परत,” ते म्हणाले.

नीलने ती ओळ परत वाचली.